वर ठेवलेलं बुडत नाही

दाजींच्या दहाव्याला कावळा शिवेना. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. नदीकाठी पिंड मांडून आम्ही सगळे मागं सरकून उभे होतो. कावळे समोरच्या जांभळीवर बसून आमच्याकडं बघत होते, पण खाली उतरत नव्हते. मग अशा वेळी माणसं करतात ते सुरू झालं. दाजींच्या धाकट्या भावानं हात जोडून सांगितलं, वहिनीला अंतर देणार नाही. माझ्या भाच्यानं सांगितलं, भाताची खाचरं पडीक ठेवणार नाही. कावळे ढिम्म.

तेव्हा बायकांतून अक्का उठली. पदर सावरत पिंडापाशी गेली आणि घरात बोलावं तसं बोलली, "तुमचं समदं बोलणं मी जपून ठिवीन. नातवंडास्नी ऐकवीन. जावा आता." ती मागं फिरते न फिरते तोच एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला. बायकांना रडू फुटलं. मी कावळ्याबिवळ्यावर फारसा विश्वास ठेवणारा नाही, पण मीही हात जोडले. कारण दाजींचं बोलणं म्हणजे काय, हे तिथं दोघांनाच नीट माहीत होतं, अक्काला आणि मला. ते बोलणं दाजींच्या मोबाईलात होतं, आणि तो मोबाईल माझ्या कपाटात, तांदळाच्या डब्यात, बंद पडलेला होता.

मी नसरापुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. खताच्या दुकानाच्या वरचा मजला, खाली पोत्यांचा वास, वर पंख्याचा आवाज. वरव्याकडच्या कारखान्यांत चिकटायचं म्हणून पोरं-पोरी येतात, बचत गटाच्या बायका येतात, पेन्शनीत निघालेले एखाददुसरे गुरुजीही येतात. शिकवायला मी वाईट नाही, पण तोंडाचा फटकळ आहे. त्यातून 'क्लाउड'चा धडा आला की माझं डोकं फिरतं. हे नाव ज्यानं काढलं त्याला एकदा आमच्या वर्गात उभं करावं. वेल्ह्याकडच्या माणसाला ढग काय सांगता? पावसाळाभर तो ढगातच राहतो. स्वतःच्या अंगणातली म्हैस त्याला दिसत नाही. ढगात ठेवलेली वस्तू सापडत नसते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून मी दुसरीकडून सुरुवात करतो. विचारतो, "भाताचं मळणी यंत्र कुणाकुणाकडं आहे?" सगळ्या वर्गात एखादा हात वर होतो. "मग बाकीचे काय दातानं भात झोडता?" हसतात. मग सांगतो, यंत्र एकाचं असतं आणि ते गावभर फिरतं. ज्याला जेवढा वेळ लागेल तेवढंच भाडं. त्यात तेल कोण घालतो, पट्टा तुटला तर कोण बदलतो, ही आपली डोकेदुखी नाही. क्लाउड म्हणजे हेच. लांब कुठंतरी मोठ्या इमारतींत ढीगभर कॉम्प्युटर सदान्‌कदा चालू असतात. ते दुसऱ्याचे. आपण इंटरनेटवरून त्यातला आपल्यापुरता कप्पा वापरतो. त्यासाठी घरी भारी मशीन लागत नाही, साधा मोबाईल पुरतो. फोटो, हिशेब, दाखले एकदा तिथं ठेवले की नसरापुरात उघडा नाहीतर पुण्यात उघडा, वस्तू तीच. बचत गटाच्या दोन बायका दोन गावांत बसून एकाच तक्त्यात लिहू शकतात, वही घेऊन एस्टीनं जायला नको. आणि मोबाईल हरवला, फुटला, पाण्यात पडला, तरी त्यातलं वर शाबूत राहतं.

हे मी एकदा सांगत होतो तेव्हा दाजी मागच्या बाकावर होते. बाजाराच्या दिवशी मीठ-मिरची घेऊन झाली की ते एस्टीच्या वेळेपर्यंत माझ्या क्लासात पंख्याखाली येऊन बसत. शिकायला म्हणून नाही, मेव्हण्याची खोडी काढायला. मी काही बोललो की मागून "व्हय मास्तर" म्हणायचे आणि पोरी खुदखुदायच्या. त्या दिवशी मात्र ते सावरून बसले.

"पाव्हणं, पान्यात पडलं तरी ऱ्हातं?"

"मोबाईल जातो. वर ठेवलेलं राहतं."

"म्हंजी वर ठिवल्यालं बुडत न्हाई?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण विचारणारा कोण होता ते मला माहीत होतं. दाजींचं जन्माचं घर गुंजवणी धरणाच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा काही घरं लांब दुसरीकडं गेली, काही तिथंच डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली. दाजी सरकलेल्यांतले. अक्का त्या जुन्या घरात लग्न होऊन गेली, थोरला भाचा तिथंच जन्मला, आणि मग सगळं पाण्यात गेलं.

उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की घरांची जोती उघडी पडतात. जोतं म्हणजे घराचा दगडी पाया, भिंती गेल्या तरी तो राहतो. दरवर्षी दाजी एकदा खाली उतरायचे. आपल्या जोत्यावर नारळ फोडायचे आणि मग गावभर फिरायचे, म्हणजे चिखल सुकून भेगाळलेल्या जमिनीवरून फिरायचे. आधी ते स्वतःशीच पुटपुटत. स्मार्टफोन आल्यापासून मोबाईल पुढं धरून बोलू लागले. मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात दाजी दिसत नाहीत, नुसते दगड, एका कडेला त्यांच्या चपलेचा अंगठा, आणि आवाज: "ह्यो आमचा ओटा. हितं आबा बसायचं. ह्या कोपऱ्यात आयेची चूल. आता ह्ये पल्याड दिसतंय ती सुताराची पडवी, तिथं माझं पहिलं लाकडी बैल झालं." प्रत्येक घरापाशी थांबून ते माणसांची नावं घेत. कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या दारातलं लिंबू गोड होतं म्हणून सगळी पोरं तिथंच चोरायची, हेसुद्धा सांगत. लिंबू गोड कसं असेल, असं मी विचारलं तर म्हणाले, "चोरल्यालं व्हतं."

त्या दिवसापासून बाजाराला आले की ते मोबाईल माझ्या हातात देऊ लागले. त्यांच्या वाडीत बोलण्यापुरती रेंज येते, इंटरनेट नाही, म्हणून जे काही चढवायचं ते माझ्या क्लासातल्या इंटरनेटवरून. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राही. दर थोड्या वेळानं मागून प्रश्न येई, "चढलं का?"

"चढतंय. घाट लागलाय."

"गाडी गरम झाली आसंल, पानी दाखवा," असं म्हणून ते स्वतःच हसत. सगळे व्हिडिओ वर गेले, एकही राहिला नाही. हे मी छातीठोक सांगू शकतो, कारण मीच ते पाठवले.

दाजी आषाढात गेले. खाचरात चिखलणी चालू होती. बैलांच्या मागं चालता चालता छातीला हात लावून खाली बसले आणि तसेच पुढं कलले. लोक धावले, पण काही उरलं नव्हतं. मोबाईल सदऱ्याच्या खिशात होता, तोही चिखलात गेला. अक्कानं तो धुतला. माणसाला आंघोळ घालावी तसा, तांब्यातल्या पाण्यानं. आता तुम्ही म्हणाल, मोबाईल कुणी धुतं का? चिखलातून निघालेली वस्तू आमच्याकडं धुतातच, मग ती विळा असो की पैंजण. मी तिला एका शब्दानं बोललो नाही. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिला, आत सगळं गंजून गेलेलं, आणि हात वर केले.

मी मात्र निर्धास्त होतो. दहाव्याहून घरी जाताना अक्काला म्हणालो, "काळजी करू नकोस. मोबाईल मेला तरी वरचं जिवंत आहे." आयुष्यभर जे शिकवत आलो ते पहिल्यांदा आपल्याच घरी कामाला येतंय, असं वाटलं होतं.

वरच्या कप्प्याला कुलूप असतं, हा त्या धड्याचा उत्तरार्ध आहे. कप्पा म्हणजे तुमचं खातं. त्याचा एक पत्ता असतो, एक पासवर्ड असतो, आणि पासवर्ड विसरलात तर तुमच्या मोबाईल नंबरवर एक आकडा येतो, तो टाकला की दार उघडतं. दाजींच्या खात्याचा पत्ता मला पाठ होता, त्यांचं नाव आणि पुढं चार अंक. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. आमच्या भागात खातं माणूस काढत नाही, मोबाईल विकणारा दुकानदार काढतो. पासवर्ड तोच ठरवतो, आणि माणूस मोबाईल कानाला लावत घरी जातो. तो दुकानदार गाळा सोडून केव्हाच शहराकडं गेला होता, कुठं ते कुणाला सांगता येईना. राहिला नंबर. तो दाजींनी आदल्या वर्षी सोडून दिला होता. दुसऱ्या कंपनीची रेंज खाचरापर्यंत येते म्हणून नवं कार्ड घेतलं आणि जुनं तसंच पडू दिलं. असे पडलेले नंबर कंपनी पुन्हा विकते, हे त्यांना कुठून माहीत असणार? खातं त्या जुन्या नंबरालाच बांधलेलं होतं.

मी त्या नंबरावर फोन लावला. अक्का शेजारी बसली होती, क्लासाला सुट्टी होती. पलीकडून एका बाईचा आवाज आला, बोलण्यावरून मराठवाड्याकडची वाटली. मी म्हणालो, "ताई, तुमच्या मोबाईलवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगाल का?" आणि वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच घाम फुटला. हेच वाक्य मी वर्गात चोराचा आवाज काढून म्हणून दाखवतो. असं कुणी विचारलं की पुढं एक शब्द बोलू नका, फोन ठेवा, हे बायकांकडून घोकून घेतो. त्या बाईलाही कुणीतरी घोकवलेलं होतं. तिनं फोन ठेवला.

अक्का म्हणाली, "आण हिकडं. म्या बोलते."

अक्कानं तिला सगळं सांगितलं. चिखलणी सांगितली, धरण सांगितलं, दहाव्याचा कावळासुद्धा सांगितला. फोनचा आवाज मी मोठा करून ठेवला होता. पलीकडची बाई मधे मधे "अगं बाई" म्हणत होती, म्हणजे ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "मावशी, तुम्ही खरं बोलता का खोटं, मला कसं कळावं? पण एक आहे. हा नंबर घेतला तेव्हा सुरुवातीला मला एका माणसाला विचारत फोन यायचे. कुणी भाताचं बियाणं विचारायचं, कुणी लग्नाचं निमंत्रण द्यायचं. ते नाव माझ्या ध्यानात आहे. तुमच्या मालकांचं नाव काय? जुळलं तर देते आकडा. पण तुम्हीच सांगा, शेजारच्या दादांनी नाही."

याहून सोपा प्रश्न जगात नसेल. माझा जीव भांड्यात पडला आणि मी अक्काकडं पाहिलं.

माझ्या अक्कानं उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव उच्चारलेलं नाही. "ह्ये", "आमचं मालक", "पोराचं बाप", एवढ्यावर तिचा संसार झाला. रेशनच्या दुकानात ती कार्ड पुढं करते, दवाखान्यात भाचा सांगतो. लग्नकार्यात उखाण्यात तेवढं ते नाव तिच्या ओठांवर यायचं, तेही कुणी दार अडवून धरलं तर, लाजत, शेवटच्या ओळीत आडून. दाजी गेल्यापासून तिला उखाणा घ्यायला कोण सांगणार? ते नाव तिच्या तोंडून निघायची एकुलती एक वाट होती, तीही बंद झाली होती.

तिचे ओठ हलले. मी हातानं खुणा करत होतो, बोल, बोल. पलीकडून आवाज आला, "सांगा की मावशी." अक्कानं डोळे मिटले, पदर तोंडावर दाबला, काढला, पुन्हा दाबला. मी न राहवून तोंड उघडलं तोवर पलीकडची बाई म्हणाली, "बायकोला नवऱ्याचं नाव येत नाही होय?" आणि फोन कट झाला.

पुन्हा लावला, लागेना. भाच्याच्या मोबाईलवरून लावला तर तिनं आमचा आवाज ओळखला आणि म्हणाली, परत त्रास दिला तर पोलिसांत जाईन. माझं टाळकं सरकलं. तालुका पालथा घालून त्या दुकानदाराला शोधतो, त्या बाईचा पत्ता काढतो, असं काहीबाही मी बडबडत होतो. अक्का शांत होती.

"नगं," ती म्हणाली. "तिला भ्या वाटतंय. बाईमानसाला भ्या दावून ह्यांचं बोलणं आणायचं न्हाई. आन तिचं काय चुकलं? तू बी हेच शिकिवतोस ना?" मग खाली बघत: "घशापातूर आलं व्हतं रं. भाईर न्हाई आलं."

कंपनीला मी अर्ज केले. मयताच्या घरच्यांसाठी असतो तोही केला, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तरं यंत्रानं लिहिल्यासारखी येत राहिली आणि मग यायची थांबली. बरेच दिवस कुणी उघडलं नाही की अशी खाती रिकामी केली जातात, हेही मला माहीत आहे. मी ते अक्काला सांगितलं नाही. ती बाजाराला आली की मागच्या बाकावर, दाजींच्या जागेवर बसायची आणि मी क्लाउड शिकवत असलो की छताकडं बघायची. मला त्या काळात तो धडा शिकवणं नको वाटे. वर सगळं सुखरूप आहे, एक दगड इकडचा तिकडं झालेला नाही, आणि आम्हाला ते ऐकता येत नाही. खाली पाण्यात गेलेलं निदान उन्हाळ्यात दिसतं तरी. दुःख कसलं होतं म्हणाल तर याचं होतं.

उन्हाळा लागला, पाणी मागं हटलं. एके दिवशी अक्काचा भाच्याच्या मोबाईलवरून निरोप आला, येऊन जा. गेलो. म्हणाली, खाली जायचंय, तू मोबाईल धर. जाण्याआधी एस्टीच्या थांब्यापाशी, भाच्यानं घेऊन दिलेल्या तिच्या नव्या मोबाईलात, तिचं खातं काढलं. दुकानदारानं नाही, तिनं. पासवर्ड तिनं टाकला, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. ओळखीला तिचा नंबर दिला, जोडीला भाच्याचा दिला, आणि नंबर बदलला तर आधी इथं येऊन बदलायचा, असं तिच्याकडून म्हणून घेतलं.

मग आम्ही उतरलो. भेगाळलेल्या चिखलावरून ती माझ्यापुढं भराभर चालत होती, मला ठेचा लागत होत्या. जोत्यापाशी आल्यावर तिनं नारळ फोडला आणि म्हणाली, "कर चालू."

"ह्यो वटा. हितं सासरं बसायचं. ही सासूबाईंची चूल, मी हितंच पयल्यांदा भाकरी थापली, ती करपली." पुढं सुताराची पडवी सांगितली, लिंबाचं झाड सांगितलं. दोन जोत्यांपाशी थांबली, पुढं गेली, परत आली. "ह्ये कुणाचं, मला ठावं न्हाई," ती मोबाईलकडं बघून म्हणाली. "त्यास्नी ठावं व्हतं." मग आपल्या जोत्यावर परत येऊन उंबऱ्याच्या दगडावर बसली. मला वाटलं, संपलं, म्हणून मी बंद करायला बोट नेलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "आन ह्यो उंबरा कुणाचा?" आणि तिनं दाजींचं नाव घेतलं. उखाणा नाही, आडपडदा नाही. भर दुपारी, उघड्या धरणात, नुसतं नाव. मी बोट मागं घेतलं.

वर एस्टीच्या थांब्यापाशी इंटरनेट चालतं. तिथं आल्यावर मी व्हिडिओ चढवायला लावला. चक्र फिरू लागलं. चढलं का, असं अक्कानं विचारलं नाही. ती म्हणाली, "लाव आता त्या बाईला."

"अक्का, ती उचलायची नाही."

"लाव. म्या सांगते तिला नाव."

मी माझ्या मोबाईलवरून लावला. आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही, कृपया नंबर तपासून पाहा, असं पलीकडून एक बाई म्हणाली, आणि परत तेच म्हणाली. मी मोबाईल अक्काच्या कानाला लावला, तिला कळावं म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं. ही यंत्रातली बाई आहे, एवढं तिला कळतं. तरी तिनं मोबाईल तोंडापाशी नेला आणि त्या बाईला दाजींचं नाव सांगितलं. आधी नुसतं सांगितलं, मग वडिलांच्या नावासकट, मग आडनावासकट.